पिक्चर लिहायचाय? मग पटकथेकडे माल म्हणून बघायला शिका



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक जण तरी असा असतोच. पहिल्या दिवशी सगळे आपापली ओळख करून देतात. कुणाचा मसाल्याचा धंदा असतो, कुणाला कापडाचं दुकान टाकायचं असतं, कुणाची डेअरी असते. मग शेवटच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, माझं जरा वेगळं आहे. मला पिक्चर लिहायचाय." बाकीचे हसतात. मी हसत नाही. कारण माझं दुकान स्टेशनरी-झेरॉक्सचं आहे आणि तेही कोल्हापुरात. बाबूराव पेंटरांनी जिथे सिनेमे काढले, १९२९ मध्ये जिथे प्रभात कंपनी उभी राहिली, त्या गावात स्पायरल बाइंडिंगला पटकथा येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. महिन्या-दोन महिन्यातून एखादी येतेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी काही पटकथालेखक नाही. संवाद कसे खुलवायचे हे माझ्याकडून शिकू नका. पण ही जी लिहिणारी मंडळी माझ्या क्लासला आणि काउंटरवर आली, त्यांच्याबरोबर बसून मी करार वाचलेत, बिलं बनवून दिलीत, पैसे कसे मागायचे याचे फोन रंगीत तालमीसारखे करून घेतलेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लिहिता येणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. अडतं ते लिहिलेलं विकण्यात. आणि विकणं हा तर आपल्या चॅनेलचाच विषय आहे!

पटकथालेखक म्हणजे एका माणसाचा कारखाना. भांडवल म्हणजे तुमचा वेळ. तयार होणारा माल म्हणजे शंभर-एक पानं. गिऱ्हाईक म्हणजे निर्माता, वाहिनी, ओटीटी किंवा तुमच्याच वयाचा, कॅमेरा हातात असलेला पण गोष्ट नसलेला दिग्दर्शक. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न दुकानदारीचे होतात, आणि त्यांची उत्तरं आपल्याला माहीत आहेत.

"कन्सेप्ट भारी आहे सर" म्हणजे माल नव्हे

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे. कन्सेप्ट आहे, फक्त कुणाला सांगायची भीती वाटते, चोरतील. मी विचारतो, लिहिलंय का? नाही, डोक्यात आहे. मग बाबा, चोरायला आहे काय?

यावर आपल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, तो प्रत्येक लेखकाला माहीत हवा. आर. जी. आनंद हे दिल्लीचे नाटककार. १९५३ मध्ये त्यांनी 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं. विषय प्रांतवाद. वेगवेगळ्या प्रांतांतली दोन कुटुंबं, त्यांच्या मुलामुलीचं प्रेम आणि त्यातून उडणारा खटका. पुढे १९५६ मध्ये 'नई दिल्ली' नावाचा हिंदी सिनेमा आला. त्याच्याही मुळाशी प्रांतवाद आणि प्रेमप्रकरण. आनंद कोर्टात गेले. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला, आनंद यांच्या विरोधात. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक घटना यांवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो ती कल्पना ज्या पद्धतीने मांडली, घडवली, रचली त्या मांडणीवर.

बावीस वर्षं, मित्रांनो! म्हणून म्हणतो, कन्सेप्ट सांगत फिरणं म्हणजे दुकान न टाकताच पाटीचा रंग ठरवत बसणं. प्रसंगामागून प्रसंग, पात्रं, संवाद हे सगळं कागदावर जेवढं तपशिलात येईल तेवढं ते "तुमचं" होत जातं. कायद्यासमोरही आणि गिऱ्हाइकासमोरही.

पण गंमत अशी की शंभर पानं लिहिल्यावर ती कुणी लगेच वाचत नाही. निर्मात्याकडे तेवढा वेळ नसतो. आपल्या दुकानात कसं असतं? शोकेसमध्ये एक पीस, रॅकवर दहा, गोदामात पूर्ण गठ्ठा. तसंच इथे करायचं. शोकेसमध्ये वनलाइन, म्हणजे एका-दोन वाक्यात अख्खी गोष्ट: कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय. रॅकवर दोन पानांचा सारांश, शेवटासकट. सस्पेन्स म्हणून शेवट लपवू नका, ज्याला माल घ्यायचाय तो तळाशी हात घालून बघणारच. त्यानंतर सीननुसार आराखडा. आणि गोदामात संवादासह पूर्ण पटकथा. सलीम-जावेद जोडीने 'शोले' आधी चार ओळींत ऐकवला होता, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. पण तोपर्यंत त्यांच्या नावावर 'जंजीर' होता हे लोक विसरतात. चार ओळींवर व्यवहार त्याचाच होतो ज्याच्या गोदामावर बाजाराचा विश्वास बसलेला असतो. नवख्या माणसाने चार ओळी ऐकवाव्यात आणि शंभर पानं पिशवीत ठेवूनच जावं.

दिसेल तेवढंच लिहा

आता जरा मालाच्या क्वालिटीबद्दल. बाइंडिंगला येणाऱ्या पटकथा मी चाळतो (मालक विचारतात, वाचा म्हणून!). निम्म्याहून जास्त ठिकाणी कादंबरी लिहिलेली असते. उदाहरणार्थ असं काहीतरी: "रमेश कित्येक वर्षं कर्जात बुडालेला आहे. त्याला स्वतःची लाज वाटते, पण मुलीवर त्याचा फार जीव आहे." आता हे कॅमेऱ्याने कसं टिपायचं? लाज कुठे ठेवली आहे, टेबलावर की कपाटात?

हेच मी एका मुलाला दुकानदाराच्या नजरेने लिहायला सांगितलं. त्याने आणलं ते साधारण असं होतं. सीन ४. आतलं दृश्य, किराणा दुकान, सकाळ. आठ वर्षांची मुलगी पिशवी आणि चिठ्ठी घेऊन उभी. दुकानदार चिठ्ठी वाचतो, उधारीची वही उघडतो, एका पानावर बोट ठेवतो. मग मान वर करून रस्त्यापलीकडे बघतो. पानटपरीजवळ रमेश उभा. नजरानजर होताच तो पाठ फिरवून मोबाइल कानाला लावतो. दुकानदार चिठ्ठीतली तेलाची ओळ पेनने खोडतो. साखर आणि चहापूड पिशवीत टाकतो. मुलगी जाताना बरणीकडे बघते. दुकानदार एक चॉकलेट पिशवीत टाकतो. ते वहीत लिहीत नाही.

एकही संवाद नाही. कर्ज आलं, लाज आली, मुलगी आली आणि दुकानदारसुद्धा माणूस म्हणून आला. या मुलाचं स्वतःच्या बापाचं किराणा दुकान आहे, म्हणून त्याला हे सुचलं. सांगायचं काय, तर परदेशी सिरीज बघून न्यूयॉर्कच्या गुप्तहेराची गोष्ट लिहायला बसू नका. ती लिहिणारे तिकडे आहेत. तुमच्या धंद्यातलं, गल्लीतलं, भावकीतलं जे तुम्हालाच माहीत आहे, तिथे तुम्हाला स्पर्धा नाही. चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट' लिहिला तो खालच्या कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या बारकाव्यांवर. मूळ माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला 'श्वास' म्हणजे एक आजोबा, एक नातू आणि एक हॉस्पिटल. २००४ चा तो सिनेमा भारतातर्फे ऑस्करला गेला. दोन्हीकडे खर्चिक असं काही नाही.

हा खर्चाचा मुद्दा लेखक लोक विसरतातच. "रात्र. धो धो पाऊस. एसटी स्टँड. दोनशे माणसांची पळापळ." लिहायला अर्धा मिनिट लागला. निर्मात्याला यात दिसतं काय? रात्रीचं शूटिंग, लाइट, जनरेटर, पावसाचे टँकर, एसटी स्टँडची परवानगी, दोनशे लोकांचं जेवण. तुमच्या गोष्टीला तो पाऊस खरंच हवा असेल तर लिहा की, पण फक्त वातावरण म्हणून असेल तर खोडा. पहिली पटकथा अशी असावी की ती तीन-चार लोकेशनवर, मोजक्या पात्रांत होईल. विकली जाण्याची शक्यता वाढते, हे साधं गणित आहे.

फॉरमॅटबद्दल भीती बाळगू नका. प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. मग काय दिसतं ते वर्तमानकाळात. मग पात्राचं नाव आणि त्याखाली संवाद. संपलं. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब जगभर धरतात, त्यामुळे सिनेमाला ९० ते १२० पानं. देवनागरीत टाइप करताना हा हिशेब इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाइलवर टायमर लावून मोठ्याने वाचून बघा. सॉफ्टवेअरचे पैसे सुरुवातीला घालवू नका, गूगल डॉक्स पुरतं.

आणि झेरॉक्सवाला म्हणून कळकळीची विनंती: जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका! युनिकोडच वापरा. दर महिन्याला कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतो, फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. माझ्याकडे निदान फॉन्ट बदलून बघतो आम्ही. मुंबईतल्या ऑफिसमधला माणूस बघणार नाही, तो सरळ दुसऱ्याची फाइल उघडेल. पाठवताना पीडीएफ पाठवा, फाइलच्या नावात सिनेमाचं नाव, तुमचं नाव, कितवा खर्डा आणि तारीख. "फायनल फायनल नवीन २" असं नाव बघितलं की मला तरी माल कच्चा वाटतो.

नोकरी सोडू का?

नको. यावर चर्चाच नको.

बरं, थोडी करू. एक पान रोज, असं धरा. शंभर दिवसांत पहिला खर्डा. महिनाभर तो कपाटात. मग दुसरा खर्डा, दोन महिने. मग चार विश्वासातल्या माणसांना वाचायला द्या, त्यात एक तरी असा असावा जो तुमच्या तोंडावर "बोर झालं" म्हणू शकतो. मग तिसरा खर्डा. म्हणजे एक चांगली पटकथा हे साधारण वर्षाचं काम झालं, रोज सकाळी दोन तास देऊन. या वर्षात या कामातून येणारी रक्कम शून्य धरायची. ती कधी विकली जाईल हेही हातात नाही. आता तुमच्या घरचा महिन्याचा खर्च समजा २२ हजार आहे. तर वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार. तेवढे पडून असतील आणि घरच्यांचा होकार असेल तर सोडा नोकरी. नसतील तर सकाळचे दोन तास सोडू नका.

मधल्या काळात लिखाणातूनच चार पैसे येतील अशी छोटी कामंही आहेत. तुमच्याच शहरातल्या सराफाची, क्लासेसची, हॉस्पिटलची जाहिरात फिल्म. साखर कारखान्याची, पतसंस्थेची माहितीपट टाइप फिल्म. यूट्यूब चॅनेलवाल्यांना स्क्रिप्ट. ऑडिओ कथा. यात ग्लॅमर नाही, पण गिऱ्हाईक समोर बसून "हे वाक्य बदला" म्हणतं, आणि ते शिक्षण फुकटात मिळत नाही.

मालिकेचं थोडं समजून घ्या, कारण मराठीत लेखकाला दर महिन्याला पैसे देणारी मोठी जागा तीच आहे. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी विभागणी असते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांचा एपिसोड. पैसे एपिसोडवर. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की सोमवारची गोष्ट बदलू शकते. एखादा कलाकार तापाने आडवा झाला की आज रात्रीत त्याच्याशिवायचे सीन लिहून पाहिजेत. म्हणजे हे रोज सकाळी दूध टाकण्यासारखं काम आहे, तुमचा मूड कुणी विचारत नाही. काहींना हे हलकं वाटतं. मला नाही वाटत. वेळेवर डिलिव्हरी देणारा माणूस कुठल्याही बाजारात टिकतो. आत शिरायची वाट बहुतेक वेळा संवादलेखकाचा सहाय्यक म्हणूनच असते.

आणि एकदम मोठ्या ऑर्डरच्या मागे लागू नका. नागराज मंजुळे यांचा प्रवास बघा. आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कार. मग २०१३ मध्ये 'फँड्री'. मग २०१६ मध्ये 'सैराट'. आपण 'सैराट'चा गल्ला बघतो, 'पिस्तुल्या' बघत नाही. एकांकिका हीसुद्धा अशीच छोटी बॅच आहे. पुरुषोत्तम करंडक, राज्य नाट्य स्पर्धा, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा या आपल्याकडे लेखक तयार करणाऱ्या कार्यशाळाच आहेत. तुमचं वाक्य प्रेक्षकांत पडलं की उठलं, हे त्याच संध्याकाळी कळतं.

सही करण्याआधी

आता मुख्य मुद्दा. इथे पैसे जातात आणि नावही जातं.

गेल्या वर्षीच्या बॅचमध्ये इचलकरंजीकडच्या एक ताई होत्या. शिवणकामाचे क्लास घेतात, दुपारी लिहितात. यंत्रमागावरच्या एका बाईची गोष्ट त्यांनी दीड वर्ष खपून लिहिली. ओळखीतून एका निर्मात्यापर्यंत पोचली, त्याला आवडली आणि चार पानांचा करार आला. त्या तो घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. ११ हजार रुपये टोकन. त्या बदल्यात कथा, पटकथा आणि संवादांचे सगळे हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कायमचे. उरलेली रक्कम "प्रदर्शनानंतर, निर्मात्याच्या सोयीनुसार". आणि श्रेयनामावलीत नाव "कथा सहाय्य" म्हणून.

ताईंच्या डोळ्यात पाणी होतं, आनंदाचं. कुणीतरी पहिल्यांदा "आवडलं" म्हटलं होतं. मला ते पेन्सिलीने खुणा करणं जिवावर आलं होतं, पण केलं. त्यांनी तीन बदल मागितले: हक्क तीन वर्षांपुरते, तोपर्यंत सिनेमा उभा राहिला नाही तर गोष्ट परत. नाव "कथा, पटकथा, संवाद" असं. आणि बाकीचे पैसे शूटिंग सुरू होण्याआधी. फोनवर उत्तर आलं, "मॅडम, नवीन लोकांना एवढं सगळं नसतं." त्यानंतर फोनच आला नाही.

त्यांच्या मिस्टरांचं म्हणणं, आलेले ११ हजार घालवले. हे खोटं नाही. घरात त्यावरून बोलणं झालं, अजून होतं. माझं मत विचाराल तर दीड वर्षाचं काम, ११ हजारात, नावाशिवाय, कायमचं, हा सौदा नव्हे. पण तो निर्णय त्यांचा होता आणि किंमतही त्यांनीच मोजली, हे विसरून मी शहाणपणा सांगणार नाही. त्या गोष्टीतल्या एका प्रसंगाची त्यांनी नंतर एकांकिका केली. जवळच्या कॉलेजने ती बसवली. तिथला एक मुलगा आता त्यावर लघुपट करायचं म्हणतोय. त्याच्याकडे पैसे नाहीत, पण करारावर ताईंचं पूर्ण नाव आहे.

या व्यवहारात कायदा काय म्हणतो ते प्रत्येकाने समजून घ्यावं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लिहिलं की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात, तोंडी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात त्या हक्कांचा वापरच केला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क तुमच्याकडे परत येतात. म्हणूनच समोरचा "कायमचे" हा शब्द घालतो! तो शब्द शोधा आणि त्याखाली रेघ मारा. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली. थिएटरमधल्या प्रदर्शनाव्यतिरिक्त तुमच्या लिखाणाचा इतर मार्गांनी वापर होतो त्याच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, करारात काहीही लिहिलं तरी. प्रत्यक्ष वसुली सोपी नाही, पण हक्क आहे.

नोंदणी सक्तीची नाही म्हटलं, तरी पुरावा हवा. मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, लेखकांची संघटना. नवख्यांनाही सभासद होता येतं आणि सभासदाला आपली स्क्रिप्ट ऑनलाइन नोंदवता येते. अमुक तारखेला हे लिखाण माझ्याकडे होतं, याचा तो पुरावा. वाद झाला तर मध्यस्थी करणारी त्यांची समिती आहे, करारांचे नमुनेही आहेत. कुणालाही फाइल पाठवण्याआधी ही नोंदणी करा. पाठवताना ईमेलनेच पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, आणि कुणाला कितवा खर्डा कधी पाठवला याचं एक रजिस्टर ठेवा. आपण उधारीची वही ठेवतो तसंच. तीन आठवड्यांनी एक आठवण, मग महिन्याने दुसरी, मग पुढचं नाव. त्या दरम्यान दुसरी पटकथा सुरू झालेली असली पाहिजे. एकच पीस असलेलं दुकान कुणी बघितलंय का?

पैसे टप्प्यांत मागा. सही करताना एक भाग, पहिला खर्डा दिल्यावर दुसरा, शेवटचा खर्डा मान्य झाल्यावर तिसरा, आणि उरलेला शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी. प्रदर्शनावर काहीही बाकी ठेवू नका, किती सिनेमे डब्यात पडून राहतात ते सगळ्यांना माहीत आहे. किती वेळा फेरलेखन फुकट करणार हाही आकडा लिहा, नाहीतर अकरावा खर्डा लिहीत बसाल. आणि जो माणूस तुमच्याकडेच पैसे मागतो, "रजिस्ट्रेशन फी", "ऑफिस खर्च", "मोठ्या स्टारला भेटवतो", त्याला नमस्कार करून उठा. माल आपण देतोय, पैसेही आपणच द्यायचे?

नावाचा आग्रह धरायला लाजू नका. १९७३ ला 'जंजीर' आला तेव्हा पोस्टरवर लेखकाचं नाव टाकायची पद्धत नव्हती. सलीम-जावेद यांनी पेंटर लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. आज आपण त्याला ब्रँडिंग म्हणतो आणि त्याचे कोर्स विकतो.

मुंबईला कधी जायचं

तीन भेटी ठरल्या की. पंधरा दिवसांचं तिकीट काढून जा, भेटा, परत या. "आधी जाऊ, मग बघू" म्हणून गेलेल्यांचे खोलीभाड्याचे हिशेब मी बघितलेत.

गावात बसूनही बरंच करता येतं. मालिका आणि सिनेमांचं शूटिंग कोल्हापूर, सातारा, वाई या पट्ट्यात होतच असतं. युनिटमधल्या कुणाशी तरी ओळख होते, पण सेटवर स्क्रिप्ट घेऊन दिग्दर्शकाच्या मागे फिरू नका, तो त्या वेळी तुमच्यासाठी गिऱ्हाईक नाही. पुण्यात एफटीआयआय पटकथेचे छोटे अभ्यासक्रमही घेते. एनएफडीसीची पटकथा लेखकांसाठी लॅब आहे. निवडक पटकथांवर तिथे अनुभवी लोक लेखकाबरोबर बसून काम करतात. 'तितली', 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' अशा सिनेमांच्या पटकथा त्या वाटेने गेल्या. नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फीच्या वेळी फिल्म बाजार भरतो, तो या धंद्याचा खराखुरा बाजार. पहिल्या वर्षी विकायला नका जाऊ, लोक काय विचारतात आणि काय टाळतात ते ऐकायला जा. प्रवेशिकांच्या तारखा आणि फी दरवर्षी बदलते, त्यांच्या वेबसाइटवरच बघा, कुणी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर नको.

शेवटी बिलाचं, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात सोपं आहे. पॅन आणि बँक खातं एकाच नावावर असू द्या, टोपणनाव फक्त पडद्यावर. व्यावसायिक फी म्हणून पैसे येताना साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो गेला नाही, रिटर्न भरलं की हिशेबात येतो, त्यामुळे पैसे कमी आले म्हणून भांडू नका. आयकराच्या नियमांत 'फिल्म आर्टिस्ट' या व्यावसायिकांमध्ये कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारेही धरले आहेत. त्यामुळे जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरायची सोपी योजना तुम्हालाही लागू होऊ शकते, आपल्या सीएला विचारा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई नाही. आणि बिलावर नुसतं "लेखन मानधन" लिहू नका. सिनेमाचं नाव, कितवा टप्पा, करार कोणत्या तारखेचा आणि किती रक्कम बाकी, हे चारही त्याच कागदावर येऊ द्या. बिलाचा नमुना मी वर्डमध्ये करून ठेवलाय, युनिकोडमध्ये, हवा असेल त्याने दुकानात पेनड्राइव्ह घेऊन यावं.